तिसरी सही

"वहिनी, हळू. आमचा उंबरा उंच हाय."

त्या घरात माझ्याशी कुणी बोललं ते हे पहिलं बोलणं. एक्क्याऐंशी सालचा वैशाख. डोळ्यांपर्यंत ओढलेला पदर, त्याखाली मुंडावळ्या, आणि मला दिसत होते ते नुसते पाय. जोडव्यांचे, भेगाळलेले, वहाणांतले, अनवाणी. कुठले पाय कुणाचे ते कळायला पुढं महिने लागले. आवाज मात्र त्याच दिवशी ओळखीचा झाला. घागर भरत आली की पाण्याचा सूर कसा बदलतो, तसा काठाशी आलेला आवाज. माझी नणंद शिवकन्या.

दार अडवायचा मान तिचा होता. भाऊ-भावजय दारात आली की बहिणीनं आडवं उभं राहायचं आणि म्हणायचं, तुमची लेक माझ्या ल्योकाला देणार असाल तर वाट देते. ती उभी राहिली, पण मागितलं काहीच नाही. बायका ओरडल्या, "अगं माग की! लेक माग!"

"मागू कुनासाठी? मला ल्योकच न्हाई व्हनार," ती म्हणाली आणि हसत बाजूला झाली.

सगळ्या हसल्या. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. साळूबाई त्यांचं नाव, मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांनी माझ्यावरून ओवाळलेला भाकरतुकडा लांब फेकला आणि लेकीकडं एकदा नीट बघून घेतलं.

आमचं गाव पिंपळगाव रेणुकाईच्या शिवेला लागून. सासऱ्यांनी, रामराव मामंजींनी, त्या साली एका बियाणं कंपनीचा कपाशीचा प्लॉट धरला होता. त्या कामाला सगळे क्रॉसिंगच म्हणत. उन्हं कलली की मादी ओळीतल्या, उद्या उमलतील अशा कळ्या हेरायच्या. नखानं कळी सोलून आतला नर काढून टाकायचा, खुणेला लाल दोरा बांधायचा. सकाळी दुसऱ्या ओळीतलं नर फूल आणून त्या कळीवरून हलक्या हातानं फिरवायचं. नख थोडं जास्त लागलं तर कळी गळते, कमी लागलं तर बी बिघडतं. म्हणून हे काम पोरींचं. एका ओळीला दोघी, एक अलीकडून, एक पलीकडून.

शिवकन्येच्या पलीकडं असायची बेबीनंदा, खालच्या बौद्ध वस्तीतल्या अप्पाराव मास्तरांची लेक. सावळी, उंच, बोलायला चटकन. या दोघींच्या ओळीला सगळ्यांत जास्त बोंडं धरायची. कंपनीचे साहेब आले की मामंजी त्यांना मुद्दाम त्याच ओळीशी उभं करायचे आणि छाती काढून सांगायचे, "ही माझ्या पोरींची ओळ, साहेब." पोरींची म्हणाले ते, दोघींची. मी डोईवर भाकरीची पाटी घेऊन मागंच उभी होते, मी ऐकलंय.

आणि त्या ओळीतून गाणं यायचं. शिवाताईला ओव्या जुळवायला वेळ लागत नव्हता. हात कळीवर, डोळे कळीवर, आणि ओठांवर आपोआप:

सांजच्या ग पारी, कळीला बांधिला लाल धागा
माझ्या ग सईला, काळजात दिली जागा

पलीकडून बेबीनंदा म्हणायची, "जागा दिली, बराबर हाय. बसाया पाट कुठाय?"

"पाट मागतीस? आधी हात चालव. सोळा कळ्या मागं राह्यल्यात तुझ्या."

"तू कळ्या मोजून राह्यली का मला?"

असं चालायचं. बाकीच्या पोरी हसायच्या. तेव्हा ते हसणं साधंच होतं.

मला कधी कळलं? एका दुपारी मोटरीच्या खोलीमागं. कळ्या सोलून सोलून शिवाताईच्या नखाखाली जखम झाली होती. बेबीनंदानं तिचं बोट तळहातावर धरलं होतं आणि ती त्यावर फुंकर घालत होती. तेवढंच. पण ती फुंकर घालताना जे तोंड झालं होतं तिचं, ते बघून मी पाटी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि आल्या वाटेनं परत फिरले. लग्नाला चार महिने झाले होते माझ्या. माझ्याकडं तसं कुणी बघितलं नव्हतं. मला राग आला, पण तो त्या दोघींचा नव्हता.

मग बोलणं सुरू झालं. कुणी सुरू केलं सांगता यायचं नाही. पाणवठ्यावर, गिरणीत, पारावर. "रामरावाच्या वावरात क्रॉसिंग उलटं झालं." पोरं शिट्ट्या मारायची. "ओ मामा, दोन्ही माद्या लावल्या का औंदा?" मामंजी भर पारावरून मान खाली घालून घरी आले आणि त्यांनी प्लॉटवरून बेबीनंदाला हाकलून दिलं. तिच्या वस्तीचं नाव घेऊन जे बोलले, ते मी इथं लिहिणार नाही. शिवाताईला स्थळं आणली. एक, दोन, तीन. तिन्ही वेळा पाहुण्यांपुढं पोह्यांची ताटली ठेवून ती सरळ म्हणाली, "मला लगीन करायचं न्हाई, तुमी खाऊन घ्या." तिसऱ्या वेळी भुजंगनं, माझ्या नवऱ्यानं, बहिणीच्या पाठीवर बैलाचा कासरा ओढला. अकरा दिवस तिला कापसाच्या खोलीत कोंडलं. मी गजांतून भाकरी द्यायची. ती म्हणायची, "वहिनी, कोरड्यास लय तिखट झालंय गं." जणू काही झालंच नव्हतं.

चौऱ्याऐंशीत ती गेली. पळून गेली असं गाव म्हणतं, पण सकाळच्या एसटीनं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, लुगड्याच्या दोन घड्या आणि एक चादर घेऊन गेली. बेबीनंदा फाट्यावर उभी होती. दोघी जालन्याला राहू लागल्या. एमआयडीसीत बियाणं साफ करायच्या कारखान्यात काम मिळालं, मागच्या बाजूला एक खोली मिळाली.

त्या दिवशी मामंजींनी घरातल्या सगळ्यांना ओसरीवर बोलावलं.

"आजपसून ती मेली. जी कोनी तिच्याशी बोलंल, तिचं बोचकं बी त्याच वाटंनं जाईल. ऐकलं का?"

बोलताना ते माझ्याकडं बघत होते. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचं बोट एकाच खड्यावर थांबलं होतं.

तरी आम्ही भेटायचो. भोकरदनच्या बाजाराला आत्याबाई मला घेऊन जायच्या आणि चिंचेवालीपुढं पाठ करून बसायच्या. तासभर घासाघीस. तेवढ्या वेळात शिवाताई आणि बेबीनंदा बांगड्यांच्या पालाशी यायच्या, आम्ही बोलून घ्यायचो. आत्याबाई कधी मागं वळल्या नाहीत. एवढी चिंच आमच्या घरात कुणाला लागत होती! वर्षाची चिंच दर पंधरा दिवसांनी यायची, आणि कुणी विचारलं तर म्हणायच्या, "गाभुळी चांगली मिळाली."

अठ्ठ्याऐंशीच्या सुरुवातीला एका बाजारी शिवाताईचा चेहरा असा उजळला होता की मी घाबरलेच.

"वहिनी, तिकडं मध्य प्रदेशात दोघी पोलीसबायांनी लगीन केलं. एकमेकींसंगं. पेपरात आलं!"

"मंग?"

"मंग काय, नोकरी गेली दोघींची."

"अगं बाई! आन् तू हसून राह्यली?"

"लगीन तर झालं ना!"

बेबीनंदा म्हणाली, "हिला नोकरी गेल्याचं वाचून दाखवलं तर म्हनती, पुढचं सोड, मागचं पुन्हा वाच."

ती बातमी अप्पाराव मास्तरांनीही वाचली होती. मास्तर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. पांढरा सदरा, काखेत छत्री, अक्षर छापल्यासारखं. पहिलं एक वर्ष तेही लेकीशी बोलले नव्हते. मग एक दिवस जालन्याला तिच्या खोलीवर गेले, दोघींनी केलेलं पिठलं खाल्लं, खोलीचे चारी कोपरे बघितले, एकाच खुंटीवर लावलेले दोन टॉवेल बघितले, आणि म्हणाले, "ह्यो संसार चोरीचा न्हाई. चोरीचा न्हाई तर मंग त्याची नोंद पायजे."

तेव्हापासून ते कायद्याचं पुस्तक घेऊन बसले होते. विशेष विवाह कायदा. त्यात लिहिलं होतं, कोणत्याही दोन व्यक्तींचा विवाह लावता येईल. त्याखाली त्यांनी लाल पेन्सिलीची रेघ ओढली होती. पुढल्या ओळींत पुरुषाचं वय इतकं, स्त्रीचं इतकं असंही होतं, ते त्यांनी वाचलं नव्हतं असं नाही. "पन सुरुवात 'दोन व्यक्ती' अशी हाय," ते म्हणायचे. "माझ्या बापाला पुस्तक मिळालं न्हाई. आज्याला तर शिवू बी दिलं न्हाई. मला मिळालंय, तर मी पहिल्या ओळीपसून वाचनार."

लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. मास्तरांनी ठरवलं, आपण अर्जालाच तीन सह्या जोडायच्या. पहिली त्यांची स्वतःची. दुसरी त्यांच्या बायकोची, प्रभावतीबाईंची, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात सही शिकल्या होत्या त्या. तिसरी मात्र शिवकन्येच्या घरची हवी.

बेबीनंदा म्हणाली होती, "बाबा, तिकडचं कोन देनार? आपल्याच वस्तीतलं तिसरं घ्या."

"न्हाई. तिन्ही सह्या आपल्याच बाजूच्या असल्या तर उद्या म्हनतील, ह्यांनी पाटलाची पोर पळवली. मास्तर तुरुंगात, आन् वस्तीवर दगडं. तिच्या घरचं एक मानूस पायजे. एक, पन पायजे."

आमच्या घरात सही येणारी बाई मी एकटीच. दहावी पास.

"वहिनी, तू देशील?" बांगड्यांच्या पालाशी उभं राहून शिवाताईनं मला विचारलं.

मी कासाराला विचारलं, "ही हिरवी कशी दिली?"

त्यानं दर सांगितला. मी दुसरी विचारली. मग तिसरी. तोंड वर करायची माझी हिंमत नव्हती. घरी तीन वर्षांची लेक होती माझी, बाबी. कापसाची खोली मला ठाऊक होती, कासरा ठाऊक होता, आणि माहेरी बाप जाऊन भावांचं राज्य आलं होतं तेही ठाऊक होतं. नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. मी नाहीही म्हणाले नाही.

माझ्या हातात कासारानं चढवलेली बांगडी शिवाताईनं हलकेच फिरवली आणि इतक्या हळू म्हणाली की बेबीनंदालाही ऐकू गेलं नसेल:

भावजय माझी, चंदनाची ग चौकट
तिच्या ग उंबऱ्याला, नको माझ्यामुळं संकट

"बांगडी छान दिसती," ती म्हणाली, आणि दोघी गर्दीत गेल्या.

एसटीत आत्याबाईंनी विचारलं, "काय मागत व्हती?"

"शाळेचा दाखला," मी म्हणाले. तेही खरंच होतं. वयाला दाखला लागणार होता. सहीचं मी त्यांनाही बोलले नाही.

दाखला मामंजींच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली त्यांच्या करदोड्याला. पुढच्या बाजारी आत्याबाईंनी माझ्या पिशवीत पिठाचा डबा ठेवला. "बाजरीचं हाय. चाळून घे म्हनावं." वर बघितलं नाही त्यांनी. शिवाताईनं तो डबा पालामागं उघडला, पिठात हात घातला, तर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला दाखला. ती तिथंच, पिठाच्या हातानं, तोंड झाकून बसली. चिंचेवालीपुढं आत्याबाई ताठ बसून म्हणत होत्या, "बिलकुल न्हाई, किडकी हाय ही."

गावातला एक जण एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये कामाला होता. त्याच्या तोंडून बातमी घरी आली: मास्तर तुमच्या पोरीचं लगीन लावून राह्यले, येत्या सोमवारी, सरकारी कचेरीत, आपल्या पोरीसंगं. मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी तीर्थपुरीचं एक स्थळ ठरवून आले. बिजवर, दोन लेकरांचा बाप. त्याला काही सांगितलं नव्हतं, फक्त पोरगी जरा हट्टी आहे एवढंच.

"सोमवारी जीप घेऊन कचेरीत जायाचं," ते म्हणाले. "तिथनं सरळ तीर्थपुरी. उषे, तू चल. बाईमानूस लागतं. तुझं ऐकंल ती. हाताला धरून जीपमधी बसीव, बाकी आमी बघतो."

मी बाबीला काखेत घेतलं.

"पोरगी घरीच राहू दे," मामंजी म्हणाले.

मला कळलं. आत्याबाईंनाही कळलं. त्यांनी बाबीला माझ्याकडून घेतलं आणि तिच्या तोंडावरचं दूध पुसलं.

राजूर मागं पडलं. मग भुजंग म्हणाला, "तिचा दादला कोन हाय त्यात? का दोघी आलटून पालटून?" आणि ड्रायव्हरबरोबर हसला. मामंजी खिडकीतून तोंड बाहेर काढून थुंकले. मी मागं बसून हातातल्या बांगड्या एकमेकींवर वाजू नयेत म्हणून धरून ठेवल्या होत्या.

कचेरीत गर्दी होती. जमिनीचे कागद करायला आलेले लोक, मुद्रांकवाले, चहावाला. मधल्या टेबलाशी मला शिवाताई दिसली. पोपटी साडी, केसांत अबोलीचा गजरा. शेजारी बेबीनंदा, निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत. प्रभावतीबाई हातात पिशवी धरून भिंतीला टेकल्या होत्या. मास्तरांनी टेबलावर कागद सरळ ठेवले होते, चारही कडा जुळवून. तिसरी सही मिळाली नव्हती, पण आमची जीप येणार हे त्याच मिलवाल्याकडून आदल्या रात्री त्यांनाही कळलं होतं. थांबायला दिवस उरले नव्हते. तिसऱ्या साक्षीदाराच्या ओळीवर नुसती टिंबं होती.

कारकुनानं अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि पलीकडच्या टेबलाकडं बघून ओरडला, "अहो, या इकडं! बघा काय आलंय!"

तिघे-चौघे आले. कागद हातोहात फिरला.

"वर कोन यात?"

मास्तर म्हणाले, "वर-वधू छापील हाय. मी ते खोडून 'पहिली व्यक्ती', 'दुसरी व्यक्ती' असं लिवलंय. खाली माझी सही हाय, खाडाखोडीची."

"मास्तर, पुरुषाचं वय एकवीस लागतं."

"दोघी बी पंचविशीच्या पुढं हायत. पुरुषाची अट लावा, बाईची लावा, वय भरतंय."

मोठा हशा झाला. चहावाला किटली घेऊन जागेवरच थांबला. कुणीतरी म्हणालं, "हनीमूनला कोन कोनाला उचलनार?" बेबीनंदानं शिवाताईचा हात धरला नव्हता, पण दोघींच्या साड्यांचे पदर एकमेकींना टेकले होते.

तेवढ्यात मामंजी पुढं झाले. लोकांनी वाट दिली, फेटा बघून.

"मास्तर, तुमची इतकी मजल गेली? चार पिढ्या आमच्या दारात उभं राह्यले, आन् आता आमच्या पोरीवर अर्ज करता?"

"रामराव, मी उभा नव्हतो राह्यलो, उभं केलं जात व्हतं," मास्तर म्हणाले. आवाज चढवला नाही. "आन् अर्ज दोघींचा हाय. मी नुसता लिवनारा."

"थोबाड फोडीन!" भुजंग पुढं सरसावला. दोघांनी त्याला धरलं, पण धरणारेही हसत होते.

कारकुनाला हे लांबवायचं नव्हतं. त्यानं कागद पुन्हा चाळले आणि त्याला हवं ते सापडलं.

"हे बघा, तुमीच लिवलंय, साक्षीदार तीन. सह्या दोनच. अपुरा अर्ज आवकला घेता येत न्हाई. चला, उचला."

"तिसरी आली तर?" मास्तरांनी विचारलं.

कारकुनानं मामंजींच्या फेट्याकडं बघितलं आणि हसला. "आली तर घेतो की. शिक्का मारतो, नंबर देतो. मंग साहेब लिहून नाकारतील."

"लिहून नाकारा. आमाला तेवढंच पायजे. लिहून नाकारलेलं वरच्या कोर्टात नेता येतं. आज न्हाई तर धा वर्सांनी, धा न्हाई तर तीस. तोंडानं हाकललेलं कुठंच नेता येत न्हाई."

पहिल्यांदाच कुणी हसलं नाही. प्रभावतीबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मी त्या टिंबांकडं बघत होते. तेवढ्या जागेत एक नाव बसलं असतं तर या दोघींची नावं एकाच कागदावर सरकारच्या दप्तरात गेली असती. नाकारलेली का होईना, पण शेजारी शेजारी.

"उषे," मामंजी म्हणाले. "बघत काय राह्यली? धर तिला. चल जल्दी."

मी गेले. शिवाताईचा हात धरला. त्या नखाखालची जागा अजून टणक होती. गर्दी आपोआप दाराकडं सरकली, आमच्यासाठी वाट झाली. भुजंग म्हणाला, "हां, अस्सं." बाहेर जीपचं इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला.

शिवाताई जागची हलली नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "वहिनी, सोड हात. माझं जे व्हायचं ते व्हईल, पन मला असं कुनाला नेता यायचं न्हाई. तू जा घरी. बाबी तिकडं हाय ना?"

तिनं आत येतानाच माझी रिकामी काख बघितली होती. एवढ्या हशात, एवढ्या शिव्यांत, तिनं ते बघितलं होतं.

मी हात सोडला नाही. बाबीला आत्याबाईंनी कसं घेतलं होतं ते माझ्या डोळ्यांपुढं होतं. ती मला किती दिवस दिसणार नाही, कोण मध्ये पडेल, कुणाच्या दारात मला बसावं लागेल, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. इतकंच माहीत होतं की आता मी पुन्हा बांगडीचा दर विचारला, तर पुढं आयुष्यभर मी तेवढंच विचारत राहीन.

"काय करून राह्यली तू?" भुजंग ओरडला. "ओढ तिला!"

मी सासऱ्यापुढं कधी तोंड वर केलं नव्हतं. त्या दिवशी पदर कपाळावर होता तसा राहू दिला आणि त्यांच्याकडं बघितलं. आवाज आला तो आधी मलाच कुणा दुसरीचा वाटला.

"मामंजी, मी हिला न्यायाला न्हाई आले." मग मास्तरांकडं वळले. "मास्तर, पेन द्या. लिवा, तिसरी साक्षीदार उषा भुजंगराव, नवरीची भावजय. सात वर्सं मी त्या घरात हाय आन् सात वर्सं गप हाय. आमच्या घरात मनापसून कुनाचा संसार झाला असंल, तर तो ह्या दोघींचाच झाला. मला ठाऊक व्हतं. पहिल्या सालापसून ठाऊक व्हतं, आन् मला त्याचा अभिमान वाटत व्हता."